दोरीच्या अलीकडचे आमचे साडू

पुणे शहर व उपनगरांतील समस्त नागरिकांना, तसेच झाडावर अडकलेली मांजरे आणि बंद पडलेल्या लिफ्टमधील सद्गृहस्थ यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, संकटात सापडण्यापूर्वी आमचे साडू घरी आहेत की परगावी गेले आहेत याची कृपया खात्री करून घ्यावी. परगावी असतील तर संकट एकच राहील. घरी असतील तर दोन होतील, आणि दुसरं निस्तरायला जास्त माणसं लागतील.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. साडू वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन कर्वेनगरात राहतात. उंच, काटकुळे, आणि एका जागी बसले तरी उठण्याच्या बेतात असल्यासारखे दिसणारे. कुठे 'धावा' असा आवाज आला की त्यांचे पाय आधी जातात, चपला मागून येतात आणि विचार सगळ्यात शेवटी पोचतो, तोही रिक्षा मिळाली तर. एकदा त्यांच्या सोसायटीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आतले दोघे शांतपणे वॉचमनची वाट बघत उभे होते. साडूंनी वरच्या मजल्यावरून दार ताणून फट केली, अर्धे आत शिरले आणि तिथेच राहिले. मेकॅनिक येईपर्यंत आतल्या दोघांनी त्यांना खालून धीर दिला. मांजरीचीही तीच कथा. ती आंब्यावर चढली होती हे खरं, पण साडू तिसऱ्या फांदीपर्यंत पोचल्याचं पाहून ती आपली आपण उतरून दूध प्यायला निघून गेली. अग्निशमन दलाने शिडी लावून उतरवलं ते साडूंना.

या सगळ्यावर कडी म्हणजे शेगडीचा प्रसंग. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्याच्या खिडकीतून धूर येताना त्यांना दिसला. आपण असतो तर हाक मारली असती. साडूंनी स्वतःच्या पलंगावरची रजई ओढली, नळाखाली धरली आणि ती ओली रजई खांद्यावर टाकून त्या घरात घुसले. आत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालून झालं होतं आणि मालीशवाल्या बाई ओवा-शेपाची धुरी देत होत्या. साडूंनी कुणाला काही विचारलं नाही. रजई थेट शेगडीवर. बाळ झोपेतून उठलं, बाळंतीण किंचाळली, आणि मालीशवाल्या बाई तेलाची वाटी हातात घेऊन त्यांच्या मागे जिन्यापर्यंत धावल्या. "अहो, लाज नाही वाटत? बाळंतिणीच्या खोलीत शिरता!" त्यावर साडू जिन्यातून वर बघत म्हणाले, "आग असती तर तुम्हीच मला पेढे दिले असते!" बारशाला पेढे आलेच. रजई मात्र अक्काला परत वापरता आली नाही, तिच्यातला ओव्याचा वास शेवटपर्यंत गेला नाही.

आम्ही सगळे त्यांना हसतो. हसताना एक गोष्ट मात्र आम्ही कुणी मोठ्याने बोलत नाही. त्या दिवशी खरंच आग असती, तर आम्ही सगळे गॅलरीत उभे राहून 'कुणाकडे धूर येतोय हो?' असं एकमेकांना विचारत बसलो असतो.

तर गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वरून धरणाचं पाणी सोडलं होतं. पुण्यात पाणी सोडलं की प्रत्येक घरात एक पाटबंधारे अभियंता जन्माला येतो. "किती सोडलंय?" "पहाटे वाढवलंय." "मग आता नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली गेला बघा." अशी चर्चा जेवणाच्या ताटावर होते आणि जेवण झालं की सगळे छत्र्या घेऊन पाणी बघायला निघतात. रविवार होता, मी वारज्याहून अक्काकडे जेवायला आलो होतो. साडूंनी हात धुतले आणि म्हणाले, "चला साडूबुवा, बघून येऊ." मी खुशीने गेलो. पाणीच बघायचं, त्यात काय होणार, असं मला वाटलं. इतक्या वर्षांनीही माझं हे असं आहे.

नदीकाठी जत्रा भरली होती. पण आम्ही उतारावरून खाली आलो आणि लक्षात आलं की कुणी बोलत नाहीये. सगळ्यांचे मोबाइल वर होते आणि तोंडं बंद होती. पात्रात, हाक पोचेल पण हात पोचणार नाही अशा अंतरावर, मांडवाच्या सामानाचा एक छोटा टेम्पो उभा होता. उभा म्हणजे चाकं बुडालेली, दरवाजे अर्धे बुडालेले, आणि पाठीवर बांबूंची चळत. त्याच्या टपावर एक तरुण माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. बाजूच्या माणसाने हळू आवाजात सांगितलं की पात्रात लावलेला टेम्पो काढायला तो गेला, इंजिन बंद पडलं आणि तेवढ्यात पाणी चढलं. पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि जलपर्णीचे गठ्ठेच्या गठ्ठे माणसाच्या धावण्यापेक्षा वेगाने चालले होते. एखादा गठ्ठा टेम्पोवर आपटला की टेम्पो थोडा हलायचा, टपावरचा माणूस दोन्ही हातांनी पत्रा धरायचा, आणि काठावरून एक 'हं' असा आवाज निघायचा.

तेवढ्यात माझ्या हातात काहीतरी आलं. पाहिलं तर साडूंचा चष्मा. साडू चष्मा काढून देतात तेव्हा पुढचं काही त्यांना बघायचं नसतं. चपला आधीच मागे राहिल्या होत्या. मी "अहो, अहो" करेपर्यंत ते पाण्याच्या कडेला पोचले, आणि तिथे एक हात आडवा आला. हवालदार बाई होत्या. साडूंच्या खांद्याला लागतील एवढ्या, रेनकोटात बुडालेल्या.

"कुठे निघालात काका?"

"समोर."

"समोर नदी आहे."

"दिसतंय मला." चष्मा माझ्या हातात होता, त्यामुळे हे अर्धं खोटं होतं. "बाजूला व्हा. माणूस मरतोय तिथे आणि तुम्ही मला अडवता? हे काम आहे तुमचं?"

"हो, हेच काम आहे. बोट निघालीय. ती येईपर्यंत पाण्यात एकच माणूस ठेवायचाय मला."

"आणि बोट यायच्या आत टेम्पो उलटला तर?"

बाई टेम्पोकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मागच्या वर्षी एकाला काढायला तिघं उतरले, काका. पहिला झाडाला धरून बसला होता, तो संध्याकाळी घरी गेला. त्या तिघांच्या घरी मला जावं लागलं. तिघांनाही चांगलं पोहता येत होतं."

साडूंनी पुढे टाकलेला पाय मागे घेतला. साडूंनी पाय मागे घेतलेला मी प्रथमच पाहत होतो आणि ते दृश्य मला पाण्याहून जास्त भीतीदायक वाटलं. मागून गर्दीतला एक जण ओरडला, "जाऊ द्या ना मॅडम त्यांना! निदान एक तरी मर्द निघाला!" बाई वळल्या. "तुम्ही येताय का पुढे? या. नाव सांगून या, म्हणजे मला घरी कळवायला बरं." तो आवाज पुन्हा आला नाही.

मग बाईंनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात अजून सलाम करतो. गणपतीआधी ढोलपथकांचा सराव पात्रात चालतो आणि गर्दी आवरायला त्यांच्याकडे मनगटाएवढी जाड, लांबलचक दोरी असते. सरावाचं सामान पाणी चढायच्या आत वर आणून ठेवलं होतं. त्यातली दोरी बाईंनी उचलली, एक टोक खांबाला बांधलं आणि दुसरं साडूंच्या हातात दिलं. "एवढा जोर आहे ना अंगात? मग ही धरा. एकही माणूस पलीकडे जाता कामा नये. गेला तर मी तुम्हाला विचारणार." आणि वायरलेसवर बोलत त्या वरच्या अंगाला, बोट उतरवायची जागा दाखवायला पळाल्या.

साडूंनी दोरीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा संकटाकडे पाठ करून उभे राहिले. "मागे व्हा! अहो काळा शर्ट, तुम्हालाच म्हणतोय!" काळा शर्ट म्हणाला, "काका, फक्त दोन मिनिटं, रील काढतोय." साडू म्हणाले, "काढा की. तेराव्याला आलेल्यांना दाखवता येईल." काळा शर्ट मागे झाला. पण दर दोन वाक्यांनंतर साडू मान वळवून टेम्पोकडे बघत होते आणि दोरीवरची त्यांची बोटं पांढरी पडत चालली होती. बोट दिसत नव्हती. पाणी टेम्पोच्या खिडकीच्या काचेला लागलं. बांबूंच्या चळतीची एक दोरी सुटली आणि एकेक बांबू सटकून पाण्यात जायला लागला. प्रत्येक बांबू गेला की टेम्पो एका बाजूने हलका होत होता. हवालदार बाई बरोबर होत्या की चूक, मला काही ठरवता येईना. मी चष्मा घट्ट धरून उभा होतो.

तेवढ्यात मागून एक मोटारसायकल उतारावर आडवी पडली आणि एक धिप्पाड माणूस गर्दी फाडत आला. "युनूस! ए युनूस!" टपावरच्या माणसाने मान वर केली आणि हात हलवला. हा त्याचा थोरला भाऊ होता, मांडवाचा धंदा दोघांचा. भावाने अंगातला शर्ट ओढून फेकला आणि दोरीखालून वाकून पलीकडे झाला. साडूंच्या हातून दोरी सुटली. सुटली नाही, त्यांनी सोडली. दोन ढांगांत ते त्याच्यापाशी पोचले आणि मागून त्याच्या कमरेला मिठी मारली.

"सोडा काका! भाऊ आहे माझा तो!"

"नाही!"

"सोडा म्हणतो ना! तुमचा कोण आहे तिथे?"

आयुष्यभर बांबूंच्या मोळ्या वाहिलेला तो माणूस, आणि हे आमचे काटकुळे साडू. तो त्यांना फरपटत पाण्यात नेत होता. घोटा बुडाला, पोटरी बुडाली. त्याचं कोपर मागे आलं आणि साडूंच्या ओठावर बसलं, रक्त हनुवटीवरून शर्टावर उतरलं. मी धावलो. त्याच क्षणी टेम्पो कलला, सगळा काठ ओरडला, आणि साडूही त्या भावाच्या कानापाशी जिवाच्या आकांताने काहीतरी ओरडले. तो माणूस थांबला. त्याने मान मागे वळवली, साडूंच्या रक्ताळलेल्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिथेच, चिखलात, मटकन खाली बसला. साडू त्याच्याबरोबर बसले. मिठी तशीच.

बोट वरच्या अंगाने आली. पहिल्या फेरीत ती टेम्पोच्या बाजूने नुसतीच वाहून पुढे गेली आणि थोरल्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला इथे लिहिता येणार नाही. साडूंनी त्याचं डोकं आपल्या छातीशी दाबून धरलं. दुसऱ्या फेरीत बोटीतल्या जवानाने युनूसची कॉलर पकडली. तो बोटीत पडला आणि थोड्याच वेळात टेम्पोने झोपेत कूस बदलावी तशी कूस बदलली. मग काठावर दोघे भाऊ एकमेकांना मारत होते की मिठ्या मारत होते, सांगणं कठीण होतं. हवालदार बाई धापा टाकत आल्या. "काका, दोरी सोडलीत तुम्ही."

"हो."

"बरं केलंत," असं म्हणून त्या काळ्या शर्टाच्या दिशेने गेल्या. तो पुन्हा पुढे आला होता.

परत येताना साडू एकदम म्हणाले, "बोट चुकली असती दुसऱ्यांदाही, तर? त्याच्या डोळ्यांदेखत भाऊ गेला असता आणि धरून बसलेला मी. त्याने मला माफ केलं असतं का?"

"नसतं केलं," मी म्हणालो.

"मीही नसतं केलं," ते म्हणाले आणि चष्मा मागून घेतला. ते अजूनही धावतात. फक्त हल्ली धावण्याआधी क्षणभर मागे वळून बघतात, कुणी धरतंय का म्हणून. धरावं असं त्यांना वाटतं की काय, कोण जाणे.

त्या संध्याकाळी अक्काने त्यांच्या सुजलेल्या ओठाला बर्फ लावला. लावताना मला म्हणाली, "माझी मेलीची आयुष्यभर ही तऱ्हा. पण एक आहे हो, लहानपण कृष्णाकाठी गेलंय यांचं, पोहण्यात पट्टीचे आहेत. बघायला आले तेव्हाच यांनी सांगितलं होतं. त्या एका भरवशावर इतकी वर्षं माझ्या डोळ्याला डोळा लागतो." साडू कपातल्या चहात काहीतरी शोधत होते. मग अक्काने विचारलं, "हे त्या माणसाला असं काय म्हणाले, की तो एकदम खालीच बसला?"

मी म्हणालो, पाण्याचा आवाज फार होता, ऐकू आलं नाही. अक्का वाचनाच्या भानगडीत पडत नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. मी दोन हातांवर होतो आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला होता. ओठातून रक्त गळत असताना आमचे साडू त्या परक्या माणसाच्या कमरेला लोंबकळून ओरडले होते, "अहो, तुम्ही उडी मारलीत तर मला तुमच्या मागे यावंच लागेल हो, आणि मला पोहता येत नाही!"