फळीवरचा धाकटा प्याला

पंचफुलाबाईचा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाला हसला, तरी आज पाणी जास्त घातलं असेल असं तिला वाटे. त्यात गावातल्या जुन्या चर्चमागच्या खोलीत वस्तुसंग्रह झाला, तिला तिथे झाडपुशीचं काम मिळालं, आणि संशयाला आयतं खाद्य मिळालं.

खोलीत भाता फाटलेली पेटी होती, पितळी घंटा होती, मिशनच्या दवाखान्यातला बाळं तोलायचा काटा होता. फळीवर चांदीचा मोठा प्याला होता आणि त्याला लागून जस्ताचा धाकटा. खाली चिठ्ठी, ‘प्रभुभोजनाचे प्याले’. प्रभुभोजनात सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षारस घ्यायचा, असं पाळकच सांगत. मग हा दुसरा कशाला? पंचफुला बौद्ध घरातली. तिचा बाप बाजाराच्या दिवशी हॉटेलबाहेर टांगलेल्या वेगळ्या कपातून चहा प्यायचा आणि तो स्वतःच विसळून ठेवायचा. दोन भांड्यांचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिने धाकटा प्याला पेटीमागे सारून दिला. रविवारी उपासना सुटल्यावर मथुराबाई आत आली आणि तिने तो पुन्हा पुढे आणून ठेवला. असं चारपाचदा झालं. पंचफुलाचं डोकं तापलं, कारण मथुराबाई ही सुनीलची आजी, आणि सुनीलशी पंचफुलाच्या दीपाचं जमलं होतं. पोरं राजी होती. साक्षगंध मात्र पंचफुलाच काहीबाही सांगून पुढे ढकलत होती. ज्या घराला असला प्याला मिरवायचा आहे, त्या घरात लेक द्यायची कशी?

शेवटी एका रविवारी तिने म्हातारीला दारातच गाठलं.

“आजी, तो प्याला तुमी पुढं कायले आणता? आमाले दाखवाले?”

मथुराबाई आत आली आणि पेटीमागचा प्याला हातात घेऊन स्टुलावर टेकली. “वरच्या जातीतून आलेले मोठ्यातून पेत. माह्या आज्याले यातून देत. देवाच्या घरात, बाई. आता कमिटी म्हणते, जुनं कायले उकरता, काढून टाका. म्हणून मले दर रविवारी येऊन पाहा लागते. कोनीतरी याले मागं लपवून राह्यलं. मले त्या कमिटीवरच वहीम आहे.”

पंचफुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने प्याला घेतला, पदराने पुसला आणि फळीवर मोठ्याच्याही पुढे ठेवला.

“लपवनारी मीच आहो, आजी,” ती म्हणाली. “साक्षगंध कवा ठेवाचं, ते सांगा.”