गोजरबाईची आण

साखरखेर्ड्याच्या गोजरबाईला आण घातल्याशिवाय बोलताच येत नसे. पाहुणा हात धुवायला उठला की, "माही आण हाये, अर्धी भाकर तरी घ्या." गाय धार काढताना पाय झाडू लागली की, "तुले माही आण, उभी राहाय." बाजारात वांगी जोखणाऱ्या बागवानालासुद्धा तिनं आण घातल्याचं लोक सांगत. तिचा नवरा तुळशीराम म्हणायचा, "हिच्या आणा मोजाले बसलो तं माही पेरणी राहून जाईन." जी वस्तू ऊठसूट वाटली जाते तिला भाव राहत नाही. गोजरबाईच्या आणेलाही गल्लीत तो नव्हता.

बाई वाईट नव्हती हो. तोंड फाटकं, पण हात सढळ. राज्य आधी नागपूरचं होतं, मग मुंबईचं झालं, आणि आता दोनेक वर्षांपासून महाराष्ट्राचं. तुळशीरामचं वावर मात्र होतं तिथंच होतं, आणि त्या वावरातलं जे घरी येई त्यातलं मूठभर गोजरबाई शेजारी दिल्याशिवाय राहत नसे. शेजारी म्हणजे झुंबरबाई. दोघींचं अंगण एक, दारं समोरासमोर. झुंबरबाईचा नवरा कधीचाच गेलेला, लेक लोणारकडे दिलेली. एकटी बाई, चार कोंबड्या आणि एक शेळी. बोलणं थोडं, पण एकदा मनात घेतलं की घेतलं.

दोघींचं आठ-पंधरा दिवसांनी एकदा वाजायचंच. सांडपाण्यावरून, शेळीवरून, कधी कशावरूनच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई हातात गोवरी घेऊन गोजरबाईच्या चुलीशी यायची आणि म्हणायची, "इस्तव दे वं." घरात काडीपेटी असली तरी यायची. गोजरबाई गोवरीवर निखारा ठेवायची, भांडण तिथंच संपायचं. कोण चुकलं, कोण बरोबर, हा हिशेब दोघींनी कधी केला नाही.

आता कडूबाचं सांगायला पाहिजे. गोजरबाईची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरा मुलगा झाला तेव्हा म्हाताऱ्या बायांनी सांगितलं तसं केलं: बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, आणि झुंबरबाईनं ते उचलून आणलं. म्हणजे पोर आता आपलं नाही, दुसरीचं. यमानं इकडे बघायचं कारण नाही. नावही कडूबा ठेवलं, कडू वस्तूला कोण तोंड लावतं म्हणून. पोर जगलं. आता मिसरूड फुटून बापाबरोबर औत हाकत होतं. त्याच्या पाठची सिंधू, तिचं लग्न त्या उन्हाळ्यात मेहकरकडच्या एका घरी ठरलं होतं, आणि गोजरबाईची झोप उडाली होती ती रुखवताच्या काळजीनं.

काळजी तशी खोटी नव्हती. वरमाईनं सुपारी फुटतानाच हसत हसत म्हटलं होतं, "आम्हाले देण्याघेण्याचं काही नाही, पण तुमच्याकडच्या कुरडया पाहू द्या." हसत म्हटलेलंच जास्त टोचतं. ज्वारी खाणाऱ्या घरात गहू काढायचा, तो कुरडयांसाठी भिजवायचा, आणि त्या फसल्या तर पुढं जन्मभर लेकीनं ऐकायचं, "तुह्या मायले कुरडई येत नाही." गोजरबाईनं ठरवलं होतं, चाळणीएवढी एकेक कुरडई, बगळ्याच्या पंखासारखी पांढरी.

तर रुखवताचं वाळवण सुरू झालं. पहिला दिवस सांडग्यांचा. बाजेवर धोतर अंथरून गोजरबाईनं रांगेनं सांडगे घातले, आणि पाणी प्यायला आत गेली तेवढ्यात झुंबरबाईची तांबडी कोंबडी बाजेवर चढली. नुसती चढली असती तरी चाललं असतं. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली.

"झुंबरे! तुह्या कोंबडीचं मढं जाळलं!"

"कोंबडीले काय कळते वं? हाकलाची होती," झुंबरबाई दारातून म्हणाली.

"हाकलाची होती? म्या दिवसभर तुह्या कोंबड्याच हाकलू काय? माह्या घरी लगन हाये!"

"मंग बाजेपाशी बसाचं होतं."

खरं बोलणं नेमकं वेळेवर आलं की फार झोंबतं. गल्लीतल्या बाया दारादारात आल्या. बघणाऱ्या दिसल्यावर गोजरबाईला आणखी चेव आला, आणि जिभेवर जे कायमचं बसलेलं होतं तेच तोंडातून गेलं, फक्त या वेळी भलतीकडे गेलं. "आजपासून माह्या उंबऱ्यात पाय ठेवशील, नाही तं माह्या भांड्याले हात लावशील, तं माह्या कडूबाची आण हाये तुले!"

स्वतःची आण ती रोज घालायची. कडूबाची कधी घातली नव्हती. झुंबरबाईचं तोंड उतरलं. तिनं कोंबडी उचलली, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गोजरबाईनं चूल पेटवली आणि कान दाराकडे ठेवला. झुंबरबाई आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. अंगणात दोघी समोरासमोर यायच्या, झुंबरबाई खाली मान घालून जायची. गोजरबाईचा राग केव्हाच उतरला होता, आता त्याच्या जागी रुसवा आला होता. "पाहा, केवढी मगरूर बाई!" ती तुळशीरामला म्हणाली. "एक गोवरी घेऊन याले काय तिचे पाय मोडले?"

"तूच तं आण घातली," तुळशीराम म्हणाला.

"मंग काय झालं? तिनं यावं, म्या सोडतो."

"अन् येईन कशी? उंबऱ्यात पाय ठेवला की आण मोडली. आण सोडवाले याले पायजे, अन् याले आण सुटली पायजे. तूच जाय ना तिच्या दारात. तुले कोणाची आण हाये?"

"म्या जाऊ? लगनघरची बाई म्या, अन् कोंबडी तिची!"

तुळशीरामनं बैलांना पाणी पाजायला जायचं निमित्त काढलं. तो शहाणा माणूस होता.

अशात गहू भिजत पडला. गोजरबाईनं तो भिजवला तो एका हिशेबानं: तीन दिवस भिजेपर्यंत झुंबरबाई काय तशीच राहते? रोज पाणी बदलताना ती समोरच्या दाराकडे बघायची. गहू फुगला, आंबूस वास सुटला, वाटून झाला, चीक गाळून पातेल्यात बसला, तरी समोरचं दार काही हललं नाही. आणि चीक कोणासाठी थांबत नाही. बसल्याच्या दुसऱ्या सकाळी तो शिजवला नाही तर आंबून जातो, सगळा गहू पाण्यात. लग्न तोंडावर; पुन्हा भिजवायला गहूही नाही आणि दिवसही नाहीत.

चीक घोटायला दोघी लागतात. एकीनं आधणात धार धरायची, दुसरीनं लाकडी घोटा हाती घेऊन जोर लावायचा, दम लागला की अदलाबदल. गेली कित्येक वर्षं या दोघी म्हणजे गोजरबाई आणि झुंबरबाई. गोजरबाईनं गल्लीतल्या आशाबाईला बोलावणं धाडलं. आशाबाईनं कळवलं, "एकीले उंबरा बंद हाये, तिथं आम्ही कशाले मधात पडू? तुमचं मिटू द्या, मंग दहाजणी येतो." बाकीच्यांचंही तेच. गल्लीनं तिच्या आणेला पहिल्यांदाच भाव दिला होता, आणि तो असा.

दिवस उजाडता उजाडता गोजरबाईनं चुलीवर मोठं पातेलं चढवलं. सिंधूला धार धरायला बसवलं. पोरीला सवय नव्हती, धार कधी जाड, कधी तुटलेली. गोजरबाई घोटत राहिली. चीक घट्ट होऊ लागला तसा घोटा जड झाला, खांदे भरून आले.

"थांबू नको, गोजर! बुडाले लागीन!"

आवाज अंगणातून आला. झुंबरबाई उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"आलीस माही फजिती पाहाले?" गोजरबाई घोटता घोटता ओरडली.

"इस्तव कमी कर. लाकूड मागं ओढ. सिंधे, धार बारीक धर वं माय, घाबरू नको."

सिंधूनं लाकूड ओढलं. गोजरबाईनंही सांगितलं तसं केलं. अर्धाअधिक चीक तसाच शिजला, एकजण आत घोटतेय आणि दुसरी बाहेरून सांगतेय. चीक पारदर्शी होऊ लागला आणि त्याला बुडबुडे आले. शिजणारा चीक फुटतो तेव्हा उडतो, आणि उडालेला निघत नाही, चामडीलाच चिकटतो. एक मोठा बुडबुडा फुटून गोजरबाईच्या मनगटावर आला. ती किंचाळली. घोटा हातातून सुटून पातेल्याच्या काठावर पडला, सिंधू रडायला लागली.

झुंबरबाई धावली. तिचा पाय उचललाही होता, उंबऱ्याच्या वर आलाही होता. तो तिनं तसाच हवेत धरला आणि मागे घेतला. दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून ती तिथंच उभी राहिली, आणि गोजरबाईनं पाहिलं, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"ये ना वं आत! मरून राह्यली म्या!"

"कशी येऊ?" झुंबरबाई रडत म्हणाली. "कडूबा हाये ना वं मधात. कशी येऊ म्या?"

गोजरबाई मनगट धरून बघतच राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, बाई अकडून बसली आहे. चीक पातेल्यात बुडबुडत होता, करपायला आला होता, आणि तिला एकाएकी ती दोन लेकरं आठवली, कापडात गुंडाळून नेलेली, आणि त्यांच्या मागून जाणारी झुंबरबाई आठवली. पातेलं तसंच सोडून ती दाराशी आली.

"सुटली," ती म्हणाली. "सुटली वं माही आण. सुटली, सुटली. जळो माही जीभ."

झुंबरबाईनं पदरानं डोळे पुसले, उंबरा ओलांडला आणि गोजरबाईकडे न बघता सरळ चुलीकडे गेली. घोटा उचलला. "आधी हाताले तेल लाव," ती म्हणाली. "सिंधे, ओत उरलेला. रडू नको, कुरडई खारट व्हईन."

सिंधू रडता रडता हसली. गोजरबाईनं हाताला तेल लावलं आणि दुसऱ्या हातानं फडक्यात पातेलं धरून बसली. सिंधूनं उरलेला चीक ओतला.

"झुंबरे," शेवटी गोजरबाई म्हणाली, "म्या तं रोजच आणा घालतो. माह्या बोलण्याले कोण इचारते? तू काऊन येवढी मनाले लावली?"

झुंबरबाई घोटत होती. "तू माय हायेस त्याची," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणी घातली असती तं म्या शंभरदा उंबरा ओलांडला असता. मायच्या तोंडचं लागते म्हणतात. मले भेव वाटलं."

ऊन वर आलं तशा आशाबाई आणि बाकीच्या आल्या. झुंबरबाई आत गेल्याचं गल्लीभर झालंच होतं. सोरे आले, बाजा मांडल्या, धोतरं अंथरली. बुडाला लागलेला थोडा चीक टाकावा लागला आणि काही कुरडया पिवळट आल्या. आशाबाईनं त्या खाली आणि पांढऱ्या वर लावायची युक्ती सांगितली. वरमाय काय पार तळापर्यंत बघणार आहे? आणि बघितलंच तर बघो, गोजरबाई म्हणाली. तांबडी कोंबडी त्या दिवशी दिवसभर टोपल्याखाली होती.

दिवेलागणीला कडूबा वावरातून आला. गोजरबाईनं त्याला दारातच थांबवलं, मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मनगटाला फोड आले होते, तो हात तिनं पदराखाली घेतला.

"काय झालं वं माय?" कडूबा वैतागला. "तिकडे झुंबरमावशी, इकडे तू."

"झुंबरमावशीनं काय केलं?"

"काही नाही. ते भांडण झालं तवापासून रोज सांजच्याले रस्त्यावर येऊन उभी राहाते. म्या दिसलो की इचारते, 'बरा हायेस ना बाबू? दुखत-खुपत नाही ना?' हाव म्हणलं की माघारी जाते. म्या म्हणलं, मले काय धाड भरली? घरी तं मले कोणी इचारलं नाही."

बोलता बोलता गोजरबाईनं आत येऊन भाकर थापायला घेतली होती. पिठाचे हात तसेच परातीत ठेवून ती बसून राहिली. कडूबा पुन्हा म्हणाला, "माय, भूक लागली," तेव्हा ती उठली, समोरच्या दारात गेली आणि म्हणाली, "झुंबरे, आज जेवाले इकडेच ये. पोराले तूच वाढ."