कुत्रा आणि बुजगावणं

किसनदादाची एक सवय मला अजून सुखानं बसू देत नाही. खेळाचा नियम वाचून झाला की तो पेन कानावर ठेवायचा आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायचा. "उमगलं? खरं सांग."

महाळुंग्यात त्याच्या घरालगतच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. हिंगोलीकडून आलो, सातवीत शाळा सुटलेली. कुणी काही समजावलं की कळो न कळो, मान डोलवायची, ही माझी खोड. हसतील, कामावरून काढतील, ही धास्ती.

दादा इथला मूळचा. जिथं त्याचं रान होतं तिथं आता कंपनीचं शेड आहे, आणि त्याच शेडमध्ये तो पॅकिंगला होता, मीही तिथंच. फाटक्या खोक्यांचा पुठ्ठा कापून तो खेळाचे पत्ते बनवायचा: विहीर, बैल, कुत्रा, बुजगावणं. गेलेलं रानच ते. दोघांनी आपापली रांग मांडायची, समोरच्याचे पत्ते मारायचे. ज्याचे संपले तो हरला.

ताथवड्याला इंजिनिअरिंग शिकणारा त्याचा पुतण्या प्रशांत असलाच इंग्रजी खेळ खेळायचा. त्या पत्त्यांवर बारीक अक्षरांची गर्दी. दादा म्हणाला, "पत्त्यावर निबंध कशाला? एक शब्द लिवायचा. त्याचं काम वहीत. शब्द दिसला की काम ध्यानात आलं पायजे." विहिरीवर 'पाझर': शेजारच्या पत्त्याची जखम भरते. बैलावर 'जोर': मार दुप्पट.

नियम पारखायला मी. "तू लई शिकला न्हाईस, म्हणून तर तुला इचारतो. तुला उमगलं म्हंजी समद्यांला उमगंल." माझ्या अडाणीपणाचा कुणाला उपयोग होतोय, हे आयुष्यात पहिल्यांदाच. कळलं नाही म्हटलं तर तो रागवायचा नाही, ओळ खोडून नव्यानं लिहायचा. नीट वाचायला मी त्या वहीतच शिकलो.

शेवटचा शब्द 'राखण'. तो कुत्र्यावर आणि बुजगावण्यावर होता. "हा उभा हाय तवर शेजारच्या पत्त्याला मारता येत न्हाई." दादा फार खुशीत होता. कुठंतरी अडतंय असं मला वाटलं, पण काय ते सांगता येईना. मी मान डोलावली.

"खरं?"

"खरं, दादा."

त्यानं त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. चार दिवसांनी छातीत कळ येऊन तो गेला.

तेराव्यानंतर प्रशांत आणि मी ओट्यावर डाव मांडला. शेवटी त्याच्याकडं कुत्रा आणि बुजगावणं उरले, माझ्याकडंही तेच. कुत्रा बुजगावण्याला राखतो, बुजगावणं कुत्र्याला. कुणालाच कुणी मारू शकेना.

"हा डाव संपणारच नाही राव," प्रशांत म्हणाला. "काकानं तुझ्यावर पारखलं होतं ना?"

पत्ते तसेच राहिले. दादाच्या बायकोनं, वहिनींनीही उचलले नाहीत. येता-जाता ती चौघं एकमेकांना राखताना दिसत. कामावर सुपरवायझरनं काही समजावलं आणि मी मान डोलावली की पाठीमागून कुणीतरी विचारायचं, "खरं?" वळून बघितलं की नुसती खोकी.

परवा वहिनींकडं वही मागितली. त्या म्हणाल्या, "त्यांचं अक्षर खोडू नगा भावजी."

खोडलं नाही. दोन रेघांखाली जागा होती. तिथं माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: 'राखणदाराची राखण दुसऱ्या राखणदाराला करता येत नाही.'

प्रशांतला वाचून दाखवलं. त्यानं लगेच मान डोलावली. मी पेन कानावर ठेवला आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"खरं सांग."

त्यानं वही माझ्याकडं सरकवली. "नाही भावा. परत वाच."