कान लावून घेतलेली गाडी

जुनी गाडी घेताना फसायचं कसं नाही, हे विचारायला अजून लोक माझ्याकडे येतात. मी त्यांना चहा पाजतो आणि बायकोकडे पाठवतो.

मी मुळात घाबरट माणूस. शाळेत मास्तर होतो, पण मुलांवर ओरडलो की आधी माझीच छाती धडधडायची. त्यामुळे गाडीबिडीची हौस मला कधीच नव्हती. ती घ्यावी लागली धाकट्या बहिणीपायी, उषापायी. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. आम्ही राहायचो निजामपुऱ्यात. डावीकडे कापडाचे यंत्रमाग, उजवीकडे माग, आमच्या खोलीच्या खाली माग. आम्हाला त्या खडखडाटाचं काही वाटत नसे. पण उषाला बघायला येणारे पाहुणे पोह्यांची बशी हातात धरून नुसते आमच्या तोंडाकडे बघत बसायचे आणि डोकं दाबत निघून जायचे. दोन स्थळं अशीच गेली. तिसरं आलं अंबाडीच्या पुढच्या एका गावातलं. मुलगा बँकेत, फोटो उषाला भलताच आवडलेला. हेही गेलं तर, या विचाराने माझा डोळ्याला डोळा लागेना.

"आम्हीच मुलीला घेऊन येतो," मी त्यांना कळवून टाकलं. तिकडे शांतता असेल, काही बोलता येईल. पण न्यायचं कसं? एसटीत साडीचा बोळा झाला असता. (भाड्याची गाडी का नाही? भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर तिकडे बसून आमची कुळकथा सांगेल, ही भीती.) म्हणून स्वस्तातली जुनी गाडी.

जवळच्याच गावातले बाळाशेठ भातशेती सांभाळून गाड्यांची दलाली करायचे. त्यांना फोन केला.

"या ना मास्तर गावाला. खळ्यात उभी हाय गाडी. निवांत बघा."

'निवांत' या शब्दानेच मी सावध झालो. निर्जन खळं, अनोळखी गाडी, खिशात पैसे! मी ठणकावून सांगितलं (फोनवर होतो, म्हणून जमलं), "गाडी आमच्या गल्लीत आणा. चार ओळखीच्या माणसांसमोर बघणार."

"तुमच्या गल्लीत?" बाळाशेठनी खात्री करून घेतली. "बरं. तुमची मर्जी."

गाडी आली. मी कागद तपासले. चासी नंबर भिंग लावून वाचला. टायर दाबले. रंगाखाली पत्रा आहे की नुसतीच भरलेली पुट्टी, हे बघायला शाळेतलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं. मग बाळाशेठनी इंजिन चालू केलं आणि मी बॉनेटवर कान टेकवला. दोन्ही बाजूंनी माग धडाडत होते.

"आवाज हाय का?" बाळाशेठनी माझ्या दुसऱ्या कानात ओरडून विचारलं.

"अजिबात नाही."

"तुमी म्हणता, तर न्हाय."

"अहो, चालू तरी आहे का?" बायको, सुमन, वरून म्हणाली.

"थरथरतेय ना? म्हणजे चालू आहे."

खात्री म्हणून मी ती धामणकर नाक्यापर्यंत चालवून आणली. ट्रक, रिक्षा, हॉर्न, शिव्या, आणि त्यात आमची गाडी एखाद्या साध्वीसारखी गप्प. एवढी सुशील गाडी एवढ्या स्वस्तात कशी, असंही मनात आलं. पण लोहचुंबक चिकटलं होतं. मी पैसे दिले.

रविवारी आम्ही तिघं निघालो. नदीनाका मागे पडला, शेतं लागली, आणि कुठूनतरी खडखड यायला लागली.

"इकडेपण माग आले वाटतं," मी म्हणालो.

"भातात?" सुमन म्हणाली.

मी वेग वाढवला. माग बरोबरच आला. मग पायाखाली काहीतरी ठणठणायला लागलं, मागून कुणीतरी पत्रा फाडत असल्यासारखं व्हायला लागलं, आणि ब्रेक दाबला की माणसासारखा कण्हण्याचा आवाज. आता चाक निघणार, आपण तिघं शेतात जाणार, आणि वाचलोच तर उषाला तोंड कसं दाखवणार? मी गाडी कडेला घ्यायला लागलो.

"दादा, थांबवू नकोस," मागून उषा शांतपणे म्हणाली. "थांबली तर परत चालू होणार नाही. मला तिथे जायचंय."

गेलो. आमच्याआधी आमचा आवाज पोचला होता. अर्धं गाव रस्त्यावर उभं होतं. मी अंगणात गाडी घातली, किल्ली फिरवली, काढून हातात घेतली. इंजिन चालूच!

"गाडी बंद करा ना, मास्तर," मुलाचे वडील ओरडले.

"केलीय," मी किल्ली दाखवली.

शेवटी त्या गोंधळातच ओटीवर पोहे आले. ज्या खडखडाटातून बहिणीला सोडवायला निघालो होतो, तो मी स्वखर्चाने बरोबर आणला होता. तिसरं स्थळही गेलं, अशी माझी खात्रीच झाली. मुलाची आजी कोपऱ्यात बसून काहीतरी पुटपुटली. तिच्या घरच्यांनीच "काय? काय?" केलं. उषाने मात्र मान वळवून सरळ उत्तर दिलं, "हो आजी, भाकरी येते. तांदळाचीही." मागांच्या गल्लीत वाढलेली पोर ती, नुसते ओठ हलले तरी तिला कळायचं.

तेवढ्यात गाडीने एक आचका दिला, खाली काहीतरी पडलं, आणि सगळं गप्प झालं.

"माझं बोलणं या घरात वर्षानुवर्षं कुणाला ऐकू जात नाही," आजी म्हणाली. "हिला गेलं. मुलगी पसंत आहे."

उषा लाजली, सुमनने डोळे पुसले, आणि मला दरदरून घाम फुटला. कारण मुलाचे वडील मला खांद्याला धरून बाजूला घेऊन गेले. आता देण्याघेण्याचं काढणार! किती तोळे मागणार, कुठून आणणार?

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "आम्हाला हुंडा नको, मानपान नको. फक्त तुमची गाडी आमच्या अंगणातून घेऊन जा."

मुलाकडच्यांनी एकच मागणी केली, आणि मला तीसुद्धा पूर्ण करता आली नाही.