उपाशी पोर शिकणा नाय

शेवंती आमच्या दारात मासे विकायला बसली की तिचं एक चमत्कारिक होई. बांगडे निवडून देता देता ती मध्येच थांबायची, दोन्ही हात छातीशी आवळायची आणि म्हणायची, "उठलो वाटता माझो झील." तिचा आठ महिन्यांचा मुलगा दीड मैलावर, किनाऱ्यावरच्या घरात सासूजवळ असायचा. पाटी डोक्यावर, आणि बाई चालू लागली. उरलेलं गिऱ्हाईक गेलं चुलीत. मला हे सगळं थोतांड वाटायचं. मग एकदा तिच्या चोळीवर ओला डाग पसरलेला पाहिला आणि गप्प बसले.

मी कोल्हापूरकडची. यजमान मालवणजवळच्या एका गावात मास्तर. माझा पहिला मुलगा माहेरी झाला. हिला दूधच नाही, असं तिथे ठरलं आणि त्याला डब्यातलं वरचं दूध सुरू केलं. ते त्याला बाधलं. बाविसाव्या दिवशी तो गेला. म्हणून दुसऱ्या खेपेला सासूबाईंनी मला माहेरी पाठवलंच नाही. लग्नात मला लोकरीचं विणकाम येतं का, हे चारचारदा विचारलं होतं. मूल छातीला कसं लावायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. ते म्हणे आपोआप येतं!

मुलगी झाली. पहिले तीन दिवस रिवाजाप्रमाणे चीक काढून टाकला आणि तिला कापसाच्या बोळ्याने गुळाचं पाणी दिलं. चौथ्या दिवशी तिला घेतलं, तर माझी छाती दगड झालेली. ती तोंड लावायची, घसरायची, किंचाळायची. मी तिच्यावर ओणवी होऊन रडायची. पाचव्या दिवशी तिचं रडणं बारीक झालं आणि सकाळपासून दुपटं कोरडं राहिलं. ते कोरडं दुपटं मी दहा वेळा चाचपून पाहिलं. यजमान दुधाच्या पावडरीचा डबा आणायला मालवणला निघाले, तेव्हा मी मुलीला घट्ट धरून बसले. तो डबा घरात आला की काय होतं, ते मी एकदा पाहिलं होतं.

तेवढ्यात मागच्या दारी शेवंती आली. पाटी उतरवण्याआधीच तिने कान टवकारले.

"काकीनू, ह्यां रडणां भुकेचां आसा. पोराक घेणत नाय कित्याक?"

"तिका दूधच येणा नाय," सासूबाई म्हणाल्या.

"आणि चीक खंय गेलो?"

"टाकलो. जड असता तो."

"गायीचो चीक असलो तर खरवस करून खातास, आणि बायलमाणसाचो मातीत?"

एरवी असं बोलणाऱ्याला सासूबाईंनी अंगणाबाहेर काढलं असतं. पण त्यांचाही एक नातू गेला होता. बाळंतिणीच्या खोलीत दहा दिवस बाहेरच्याला मज्जाव, त्यात ही मासेवाली. शेवंतीने राखेने तीनदा हात धुतले आणि न विचारता आत आली. मुलीचं तोंड पाहिलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

"उपाशी पोर शिकणा नाय, वयनी. नुसतां रडता. आधी दोन घोट पोटात जाऊंदेत." मग उंबऱ्याकडे वळून तिने विचारलं, "काकीनू, मी पाजू हिका?"

सासूबाई एक पाऊल मागे सरल्या. मास्तराची मुलगी आणि मासेवालीचं दूध! मला आजही सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मीही थबकले. मग मुलीला उचलून तिच्या हातात दिलं.

"मी परसात जातंय," सासूबाई म्हणाल्या. "माका काय दिसणा नाय."

मुलगी चार-पाच घोट प्यायली असेल, तोच शेवंतीने तिला सोडवलं. "बस. बाकीचां आवशीकडे." मग माझी शाळा सुरू झाली. गरम पाण्यात फडकं पिळून माझी छाती शेकली, हाताने थोडं दूध काढायला लावलं, दगड मऊ होईपर्यंत. मी सवयीने मुलीवर वाकले, तर पाठीत चापट बसली.

"तू वाकतंस कित्याक? पोराक वर घे. पोट पोटाक लाव. आणि ह्यां टोक तोंडात कोंबा नको. माशान टोकाक नुसती चोच मारल्यान तर तो सुटता. गळ तोंडभर घेऊक होयो. थांब... तोंड उघडूंदे... आता!"

पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदाही. कळ अशी आली की मी ओरडले. तिसऱ्यांदा मुलीने मोठं तोंड उघडलं आणि शेवंतीने माझा हात धरून तिला पुढे लोटलं. मग कुटकुट आवाज यायला लागला.

"गिळता मां? आता भिया नको. दर्यो काय आणि दूध काय, भियणाऱ्याक पावणा नाय."

पण मी भीतच होते. यजमानांनी आणलेला तो डबा दोन दिवस फळीवर बसून होता आणि माझी नजर त्याच्यावर. शेवंती रोज यायची, दुपटं चाचपायची, "ओलां आसा" म्हणायची आणि जायची. दुपट्याला बांगड्याचा वास लागला, पण सासूबाईंनी नाक मुरडलं नाही. तिसऱ्या दिवशी तो डबा त्यांनीच कुणाला तरी देऊन टाकला.

शेवंतीने त्या सकाळचा शब्दही गावात काढला नाही. आम्हीही नाही. मुलगी सुमन मोठी झाली, शाळेत जाऊ लागली, तिच्या लेखी शेवंती नुसती मासेवालीच होती. ती चौथीत असताना शेवंती तापाने आजारी पडली आणि आठवड्यात गेली. दुपारी निरोप आला. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडले.

आमच्याकडे जवळच्या नात्यातलं माणूस गेलं की डोक्यावरून अंघोळ करायची. परक्यासाठी कुणी करत नाही. सासूबाई उठल्या, विहिरीवर गेल्या आणि पाण्याची कळशी आणून सुमनसमोर ठेवली.

"चल गो, डोक्यावरसून न्हा. तुझी आवस गेली."

सुमन गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी तर तिच्यासमोर उभी होते.

"आजी खरं सांगतेय," मी म्हटलं. "जा, पाणी घे."