गाळलेलं अर्धं पान

रेडकरसाहेबांच्या मुलाचा, निखिलचा, फोन आला तेव्हा मी मंडी हाउसला मेट्रो बदलत होते. फरीदाबादहून द्वारकेला जायचं म्हणजे पावणेदोन तासांचा प्रवास. गेले चार महिने आठवड्यातून तीनदा मी तो करत होते, पर्समध्ये सहाशे पानांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन. "काकू, बाबा गेले. पहाटे, झोपेतच," निखिल म्हणाला, आणि मग मीच लहान असल्यासारखं, "सावकाश या, घाई नका करू." मी फलाटावरच्या बाकावर बसले. खरं सांगायचं तर मनात आलेला पहिला विचार लाज वाटावी असा होता... अजून तीन प्रकरणं राहिली होती! रेडकरसाहेब गेले आणि शेवटची तीन प्रकरणं त्यांनी ऐकलीच नाहीत. रडू त्यानंतर आलं. आज पाच आठवडे झाले, अजूनही दोन्ही एकदमच येतात.

गजानन रेडकर हे नाव वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून ते अवर सचिव म्हणून निवृत्त झाले, एवढीच त्यांची जगाला ओळख. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमचे दरवाजे समोरासमोर होते. ते मालवणकडचे, मी मिरजेची. दिल्लीत मराठी शेजार मिळाला की गाव कुठलं, धर्म कुठला हे माणसं पुढे कधीतरी विचारतात; आधी विचारतात ते कढीपत्ता आहे का. नोकरीतही मी त्यांच्याच हाताखाली लागले. फाईलवर टिप्पणी कशी लिहायची हे त्यांनी मला शिकवलं, म्हणजे अक्षरशः रडवून शिकवलं. प्रत्येक विधानापुढे समासात पान नंबर हवा. मनातलं काही नको, कागदावर असेल तेवढंच. आणि पहिल्याच दिवशी बजावलेली गोष्ट ही, की फाईलमध्ये आलेला कागद कितीही गैरसोयीचा असला तरी काढायचा नाही. "लाच खाणारा एक वेळ परवडला, नसीमबाई, कागद काढणारा नाही," असं म्हणून ते चष्म्यावरून बघायचे, आणि मी काही न काढताही मला गुन्हेगार असल्यासारखं वाटायचं.

निवृत्त होऊन ते द्वारकेच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले तेव्हा निखिल नोकरीला बंगळूरला निघून गेला होता आणि मागे पुस्तकांचं एक खोकं सोडून गेला होता. पोरगा काय वाचतो ते बघावं म्हणून साहेबांनी त्यातलं एक उचललं, आणि संपलंच सगळं. एकाच परदेशी लेखकाच्या दोन कादंबरीमाला होत्या त्या. एकीत नुसत्या मिठाचं एक शहर, जिथली माणसं पिढ्यानपिढ्या मीठ खोदतात. दुसरीत समुद्रातली बेटं, होड्या, देवळं, दर्यावर्दी राण्या. दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध दिसत नाही. पण लेखकानं एवढं म्हणून ठेवलेलं, की हे विश्व एकच आहे, कसं ते तुम्ही शोधा. झालं! जगभरची पोरं इंटरनेटवर तेच शोधत बसलेली, आणि त्या पोरांत एक साठीचे रेडकरसाहेब. "अहो, आपल्या पुराणांत नाही का, एका कथेतला ऋषी दुसऱ्या कथेत उगवतो? तसंच आहे हे. फक्त इथे ऋषी लपलेला आहे," असं ते मला समजावत. साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आतून ओरडायच्या, "साठी बुद्धी नाठी!" आणि चहा आणून ठेवायच्या.

सुरुवातीला मीही हसले. मग एकदा त्यांनी त्यांचा सिद्धांत माझ्या हातात ठेवला. मंत्रालयात लिहायचे तशीच टिप्पणी होती ती, परिच्छेदांना क्रमांक घातलेली, प्रत्येक ओळीपुढे पान नंबर. वर लिहिलं होतं, 'विषय : मिठाचे शहर व बेटांचा समुद्र एकच असल्याबाबत.' मी हसत हसत वाचायला घेतली. बेटांवरच्या देवळात एक घंटा आहे, तिच्यावर आठ मासे कोरलेले आहेत. आणि मिठाच्या शहरात, खूप खोल, खोदणाऱ्यांना मिठात रुतलेली एक घंटा सापडते. तिच्यावर आठ खुणा आहेत, पण त्या कशाच्या हे शहरात कुणालाच ओळखता येत नाही... कारण त्या शहरात मासा कुणी पाहिलेलाच नाही! म्हणजे समुद्र आटला. बेटं गेली, माणसं गेली, आणि उरलेल्या मिठावर हजारो वर्षांनी शहर वसलं. ज्या राण्यांच्या गोष्टी आपण दुसऱ्या मालेत वाचतो, त्यांच्या थडग्यांवर पहिल्या मालेतली माणसं कुदळी मारताहेत. हे मी वाचलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, पंखा गरगरत होता, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ज्या माणसाला मी तीस वर्षं फक्त रजेचे अर्ज मंजूर करताना पाहिलं होतं, त्यानं हे कुठून पाहिलं?

ती टिप्पणी त्यांनी इंटरनेटवर टाकली आणि गाजली. वाचणाऱ्यांना वाटे कुणी प्रोफेसर असेल. साहेबांनी प्रामाणिकपणे आपला हुद्दा सांगितला, तेव्हापासून जगभर त्यांचं नाव 'अंडर सेक्रेटरी' पडलं. कुणी शंका काढली की ते एकच विचारत, "पान नंबर?" अकरा वर्षं तो सिद्धांत कुणाला हलवता आला नाही. नोकरीत त्यांना कधी मिळाला नाही एवढा मान त्यांना त्या अनोळखी पोरांनी दिला, आणि तो त्यांना मनापासून आवडायचा हे मला दिसत होतं.

मग मधुमेहानं डोळे नेले. थंडीत त्या लेखकाचं नवं पुस्तक आलं तेव्हा त्यांना अक्षर दिसेना, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. त्याच सुमारास पोटदुखीच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी वहिनींना आणि निखिलला वेगळं बोलावून काय ते सांगितलं. यकृताचा कॅन्सर, आणि करण्यासारखं फारसं काही नाही. आपल्या घरांत हे असंच चालतं. आजार ज्याला झालाय त्याला सोडून सगळ्या सोसायटीला माहीत असतो. वहिनींनी माझा हात धरून सांगितलं, "नसीम, त्यांना कळता कामा नये. खचतील." मी मान हलवली. मला तेव्हा त्यात काही चूक वाटलं नाही.

एका मंगळवारी मी वाचत होते. मिठाच्या शहरातली एक म्हातारी त्या घंटेपाशी येते आणि हातोडा उचलते. वाचताना डोळे नेहमी जिभेच्या ओळभर पुढे असतात, तसे माझे पुढे गेले. म्हातारी घंटेवर घाव घालते. बराच वेळ शांतता. आणि मग मिठाच्या पलीकडून, फार लांबून, दुसरी घंटा तिला उत्तर देते... बेटांवरची घंटा, तीच देवळातली! म्हणजे घंटा एक नाही, दोन आहेत, आणि एकाच वेळी आहेत. अकरा वर्षांची इमारत अर्ध्या पानात जमीनदोस्त. मी साहेबांकडे पाहिलं. उशीला टेकून, डोळे मिटून ते ऐकत होते. गालांची हाडं वर आली होती. आता हे कशाला, असं मनाशी म्हणून मी ते अर्धं पान गाळलं आणि सरळ पुढच्या परिच्छेदावर गेले. चलो, निभावलं, असं मला वाटलं.

गुरुवारी गेले तर म्हणाले, "परवाचं परत वाचा. म्हातारीनं हातोडा उचलला, तिथून."

"का, साहेब?"

"कारण पुढचं वाक्य तुम्ही वाचलंत, 'त्यानंतर तीन दिवस शहरात कुणी मिठाला हात लावला नाही.' नुसता हातोडा उचलला म्हणून अख्खं शहर काम बंद करतं का? मध्ये काहीतरी आहे. कागद काढलात तुम्ही, नसीमबाई."

मी कबूल केलं. तोंडातून निघून गेलं, "मला वाटलं, आता तुम्हाला कशाला..." आणि 'आता' शब्द उच्चारताच मी जीभ चावली. ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. त्यांनी ते तीनदा वाचून घेतलं. मी मान खाली घालून बसले होते, आणि खोलीत एक विचित्र आवाज आला. ते हसत होते. खोकला लागेपर्यंत हसले. "दोन आहेत! अहो, दोन! अकरा वर्षं मी त्या बेटांवरच्या सगळ्यांना मेलेलं समजत होतो. सगळे जिवंत आहेत, यार! समुद्र आटलेला नाहीच. तो तिथेच आहे, मिठाच्या पलीकडे. कुणी चालत निघालं तर पोचेल." त्यांच्या त्या निकामी डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपलं म्हणणं खोटं ठरल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. मला माझीच लाज वाटली. मी त्यांना केवढं लहान समजले होते!

त्याच दुपारी त्यांनी मला टिप्पणी लिहून घ्यायला सांगितली. 'यापूर्वीची टिप्पणी मागे घेण्यात येत आहे. कृपया नव्या ग्रंथाचे पान ३१२ पाहावे. चूक माझी आहे, आणि तिच्याइतकी सुंदर गोष्ट माझ्या वाट्याला क्वचितच आली.' शेवटचं वाक्य सरकारी नाही, असं मी म्हटलं. "असू दे, निवृत्त आहे मी," असं म्हणाले. टिप्पणी गेल्यावर त्या पोरांची जी पत्रं आली ती वाचून दाखवायला मला दोन फेऱ्या लागल्या.

पुढच्या आठवड्यात वहिनी सेक्टरच्या मंडईत गेल्या होत्या. मी पुस्तक उघडलं तर साहेब म्हणाले, "आज ते राहू दे. अजून एक कागद काढलेला आहे, नसीमबाई. या घराच्या फाईलमधून." ते सावकाश सांगू लागले, ऑफिसात सांगायचे त्याच सुरात. "मुद्दा एक. निखिलला दिवाळीची सुट्टी मिळत नाही, तो तीन महिन्यांत दोनदा आला. मुद्दा दोन. तुम्ही ईदला शीरखुर्मा आणता, त्यातला मला दरवर्षी एक चमचा मिळतो. यंदा हिनं वाटी भरून दिला, वर विचारलं, अजून हवा का. मुद्दा तीन..." इथे त्यांचा आवाज हलला. "ही माझ्याशी भांडत नाही. चाळीस वर्षांत असं झालेलं नाही. आणि मुद्दा चार, तुमचं ते 'आता'. रिपोर्ट लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली आहे. फाईलची चेन वाजते, मला ऐकू येते. आणा तो. आणि या वेळी एक ओळ गाळायची नाही."

मी आणला. वाचला. पुस्तक वाचायची तसाच, पहिल्या ओळीपासून सही-शिक्क्यापर्यंत. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "तारीख?" मी सांगितली. त्यांनी मनात हिशेब केला असावा. शेवटी म्हणाले, "हिला सांगू नका, मला कळलंय म्हणून."

"साहेब, हा पण कागद काढण्याचाच प्रकार झाला."

"बिल्कुल नाही. ती फाईल तिची आहे. तिला हवी तेव्हा ती उघडेल. मी गेल्यावर तिनं विचारलं तर सांगा, विचारलं तरच."

त्यानंतर ते दीड महिना होते. आम्ही वाचत राहिलो, आणि घरात कुणालाही काहीही माहीत नसल्यासारखं सगळं चालू होतं. उरलेली तीन प्रकरणं मी अजून उघडलेली नाहीत. इतक्या मोठ्या विश्वात ज्याला एक खूण पुरत असे, त्याच्यापासून आम्ही तिघं मिळून एक रिपोर्ट लपवायला निघालो होतो, हे आठवलं की मला हसू येतं आणि मग फार आदर वाटतो.

गेल्या रविवारी त्यांच्या खोलीतले कपडे आवरायला वहिनींनी मला बोलावलं. शर्टांच्या घड्या घालता घालता त्यांनी मान वर न करता विचारलं, "नसीम, त्यांना माहीत होतं का ग?"

त्यांनी विचारलं होतं. मी सगळं सांगितलं, कपाट, चेन, तारीख, सगळं. हे लिहायलाही त्यांनीच परवानगी दिली आहे. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "घाबरले होते?"

इथे एक ओळ गाळणं फार सोपं होतं.

"हो, वहिनी. खूप. तुम्ही येईपर्यंत माझं मनगट धरून बसले होते."

वहिनी हातातला शर्ट तसाच धरून उभ्या राहिल्या. "त्या दिवशी मी तोंडली आणली होती," त्या म्हणाल्या. "तोंडली म्हटलं की चाळीस वर्षं तोंड वाकडं करायचे. मी आले तर मला म्हणाले, वा, कर आज." आणि ते गेल्यापासून पहिल्यांदा वहिनी मोठ्यानं रडल्या.