दोघींचं वेळापत्रक

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाच्या वर दोन खोल्या, त्यात मी आणि माझी भाची. भाची रुग्णालयात नर्स. उंच म्हणजे किती, तर आमच्या दारातून वाकूनच आत येते. बारा वर्षं माणसं उचलून उचलून कंबर कामातून गेली. पुढचं शिकून नर्सिंगच्या पोरींना शिकवायला लागायचं, एवढीच वाट उरली होती. त्यासाठी प्रवेश परीक्षा. दोनदा आपटली. ही तिसरी खेप शेवटची, कारण पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती.

तिच्याच वॉर्डातली मैत्रीण बुटकी, तीही परीक्षेला बसलेली. वॉर्डात दोघींना मिनिटकाटा आणि तासकाटा म्हणायचे. ड्यूटी करून एवढं जाडजूड पुस्तक वाचून व्हायचं नाही, म्हणून बुटकीनं शक्कल काढली. विषम धडे भाचीनं वाचायचे, सम तिनं. रोज चार ते सहा एकीनं दुसरीला शिकवायचं, एक दिवस हिची पाळी, एक दिवस तिची. नव्वद दिवसांचा तक्ता केला, मी त्याच्या दोन प्रती काढल्या. पुस्तकाचे धडे सुटे करून दोन स्पायरलही मीच करून दिली. आता वाटतं, हात का नाही मोडले माझे!

बुटकी हुशार, पण डाव्या-उजव्याची बोंब. फुफ्फुसाचे उजवीकडे तीन भाग, डावीकडे दोन. धडा तिचाच, आणि दर वेळी उलटं सांगायची. मग भाची घड्याळ बांधलेला हात टेबलावर आपटून ओरडायची, "अगं बये, घड्याळाचा हात डावा!" आणि दोघी पोट धरून हसायच्या. खाली गिऱ्हाईक विचारायचं, वर काय चाललंय?

सव्विसाव्या दिवशी कामावरून येताना बुटकीला ट्रकनं उडवलं, जागीच गेली. घरचे लांबून आले, तिला आणि तिचं सामान घेऊन गेले. सामानात तिचं अर्धं पुस्तकही गेलं.

भाची चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडली. पाचव्या दिवशी चार वाजता उठली, तोंड धुतलं, समोर बुटकीची खुर्ची मांडली आणि बसली. हातात वही नाही, पुस्तक नाही. मी म्हटलं, "हे काय?"

"आज तिची पाळी आहे, मावशी."

मला रडूही आलं आणि रागही. म्हटलं, दुःख आहे, निवळेल. पण कसलं काय! आपल्या पाळीला ती खुर्चीला शिकवायची. बुटकीच्या पाळीला गप्प ऐकायची, मान हलवायची. मध्येच म्हणायची, "हळू, परत सांग." मी बाजारातून नवं पुस्तक आणलं, तर तिनं हातसुद्धा लावला नाही. "ते धडे तिच्याकडे आहेत," म्हणाली.

शेवटी माझं डोकं सणकलं. नव्या पुस्तकातला सम धडा उघडला आणि प्रश्नावर प्रश्न टाकले. दहा विचारले, तिनं दहाच्या दहांची उत्तरं बरोबर सांगितली. आधीच्या दोन खेपांचं आठवत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण आधीच्या दोन खेपांना तिला यातलं ओ की ठो येत नव्हतं.

एकदा हे थोतांड मोडायचंच म्हणून चार वाजता मीच त्या खुर्चीत जाऊन बसले. भाची माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. कानकोंडी होऊन म्हणाली, "मावशी, ऊठ ना. ती उभी आहे." मी उठले. मागे वळून बघायची छाती झाली नाही.

परीक्षा झाली. मी विचारलं, "कसा गेला पेपर?"

"छान. माझे सगळे सोडवले."

"तुझे म्हणजे?"

"विषम धड्यांचे. बाकीचे तिचे होते, ते कोरे ठेवले."

मी कपाळावर हात मारून घेतला. नको नको ते बोलले. बारा वर्षांची कंबर, शेवटची खेप, आणि ही बया अर्धा पेपर कोरा ठेवून येते! ती शांतपणे म्हणाली, "वाटणी तशीच होती ना."

महिन्यानं निकाल लागला. ती पास झाली होती, तीही वरच्या यादीत. संकेतस्थळावर उत्तरपत्रिकेचा फोटो होता, तो मी दुकानातच छापला. शंभरच्या शंभर गोळे काळे केलेले. म्हटलं, भरलेस की गं, भानावर नव्हतीस म्हणून आठवत नाही. बरोबर उत्तरांच्या यादीशी एकेक ताडून बघत गेलो. सम धड्यांचे सगळे बरोबर होते, एक सोडून.

उजव्या फुफ्फुसाचे भाग किती? काळा केलेला गोळा होता दोनवर.

भाचीनं कागद हातात घेतला आणि हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून धारा लागल्या. माझ्या शेजारी कोणीच नव्हतं, तिकडे बघून ती म्हणाली, "अगं बये, किती वेळा सांगितलं, घड्याळाचा हात डावा!"

कॉलेजला जाण्याआधी तिनं नवं वेळापत्रक छापायला दिलं. मी काही न विचारता दोन प्रती काढल्या.